नायट्रोजन लवकर उडतोय? कंटेनर बदलायच्या आधी हे तपासा

"भाऊ, कंटेनर वाया गया. पंधरा दिन चालस तो नऊ दिनमा खाली."

मे महिना लागला की हा फोन मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात मी नऊ वर्षं नायट्रोजन वाटपाच्या गाडीवर आहे. गाई-म्हशींचं कृत्रिम रेतन करणाऱ्यांचे कंटेनर, म्हणजे गोठवलेल्या वीर्याच्या स्ट्रॉ (बारीक नळ्या) द्रव नायट्रोजनमध्ये ठेवायची भांडी, भरून देणं हे माझं काम. भरता भरता ते तपासून देण्याचं काम कधी गळ्यात पडलं ते कळलंच नाही. फोन करणाऱ्याने बहुतेक वेळा निकाल आधीच लावलेला असतो, "व्हॅक्यूम गेलं", म्हणजे कंटेनरच्या दोन भिंतींमधल्या निर्वात पोकळीत हवा शिरली. आणि बहुतेक वेळा व्हॅक्यूमला काहीही झालेलं नसतं. कुठे कॉर्क झिजलेलं असतं, कुठे कंटेनर पत्र्याखाली ठेवलेला असतो, तर कुठे तो मुळात पूर्ण भरलेलाच नसतो.

हे लिहिलंय ते साध्या, बिनदाबाच्या कंटेनरसाठी. म्हणजे मोटारसायकलवर नेतो तो ३ लिटरचा आणि केंद्रावर असतो तो २० किंवा ३५ लिटरचा. जिल्ह्याच्या ठिकाणचा दाबाचा सायलो (नायट्रोजनची मोठी टाकी) हा वेगळा प्राणी आहे. त्याबद्दल शेवटी थोडंसं.

लक्षणं

तक्रार बहुधा यांपैकी एक असते:

- दोन भरण्यांमधलं अंतर हळूहळू कमी होत गेलंय. पूर्वी वीस दिवस, मग सतरा, आता बारा.
- काल-परवापर्यंत ठीक होता, आज एकदम तळाला गेला.
- बाहेरच्या अंगाला, विशेषतः खांद्यापाशी, दव किंवा बर्फ धरतंय.
- कॉर्क काढलं की खूप वाफ येते.
- मानेत पांढरा बर्फ साचतो आणि कॅनिस्टर (स्ट्रॉ ठेवायचे लांब दांड्याचे डबे) अडकतात.
- गाई उलटू लागल्यात. स्ट्रॉ तीच, हात तोच, तरी गाभण राहत नाहीत.

यातलं वाफेचं लक्षण आधी निकाली काढतो. नायट्रोजन दिसत नाही. आपल्याला दिसते ती हवेतली ओल, थंडीने गोठून झालेलं धुकं. म्हणून जुलैत वाफ जास्त दिसते आणि मे महिन्यातल्या कोरड्या हवेत कमी, नायट्रोजन मात्र मे महिन्यातच जास्त उडतो. वाफेवरून काहीही ठरवू नका.

शेवटचं लक्षण सगळ्यांत महाग. पातळी खाली गेली की वरच्या स्ट्रॉ उघड्या पडतात, तापतात. नंतर कंटेनर पुन्हा भरला की त्या पुन्हा गोठतात आणि दिसायला अगदी पहिल्यासारख्याच असतात. आतलं वीर्य मात्र गेलेलं. शेतकऱ्याचे पुढच्या माजापर्यंतचे एकवीस दिवस वाया जातात आणि शिव्या डॉक्टरला पडतात.

हात लावायच्या आधी

नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो. १ लिटर द्रवाचा जवळपास ७०० लिटर वायू होतो. दहा बाय दहाच्या बंद खोलीत १० लिटर सांडला, तर हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १६ च्या आसपास येतो. वास नाही, रंग नाही, आणि घुसमटही होत नाही. घुसमट आपल्याला जाणवते ती कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. इथे तो साठत नाही, माणूस नुसता सुस्तावतो आणि खाली बसतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. एकदा भर उन्हात एसी लावून, काचा बंद करून, मागे तीन भरलेले कंटेनर घेऊन अडावदहून निघालो होतो. सारख्या जांभया येत होत्या. जेवण जास्त झालं असं वाटलं. शेजारच्या पोराने पान थुंकायला काच खाली केली आणि दोन मिनिटांत डोकं हलकं झालं. तेव्हापासून जळगावचं ४५ डिग्री परवडलं, पण काच उघडी.

तपासणी ओट्यावर किंवा दार-खिडक्या उघड्या ठेवून करा. हातमोजे कोरडे आणि सैल हवेत, झटक्यात निघाले पाहिजेत. ओला मोजा हाताला चिकटतो. पँट बुटाच्या बाहेर ठेवा. चप्पल नको.

फुकटच्या तपासण्या

पहिला प्रश्न: तो खरंच भरला होता का? कोरडा, गरम कंटेनर भरताना आतलं भांडं थंड होईपर्यंत नायट्रोजन खवळून उकळतो. फेस मानेपर्यंत येतो आणि भरणारा म्हणतो "झाला फुल". तास-दोन तासांनी पातळी खाली बसते. शिवाय तापलेल्या कंटेनरच्या दोन भिंतींमधले उष्णता अडवणारे थर पूर्ण थंड व्हायला एक-दोन दिवस लागतात, तोवर तो जास्तच पितो. म्हणून पूर्ण सुकलेला कंटेनर भरल्यावर पहिल्या दोन दिवसांचा हिशेब धरूच नका. माझ्या वाटपातल्या निम्म्याअधिक तक्रारी इथेच संपतात. थोडा दोष आम्हा भरणाऱ्यांचाही आहे. मागे गाड्यांची रांग असली की घाई होते.

दुसरं, पातळी कशाने मोजता? टॉर्च मारून आत डोकावणं हे मोजणं नव्हे. लाकडाची किंवा प्लास्टिकची भरीव पट्टी तळापर्यंत घाला, दहा सेकंद धरा, बाहेर काढून हवेत हलवा. जिथवर पांढरं धरतं, तिथवर द्रव. पट्टी भरीवच हवी. पोकळ नळी घातली तर नायट्रोजन नळीतून उसळून वर येतो आणि थेट तोंडावर. इलेक्ट्रिकच्या पीव्हीसी पाइपाने मोजणारा एक जण मी पाहिलाय, नशिबाने त्याला चष्मा होता.

तिसरं, कंटेनर ठेवलाय कुठे? आपल्याकडे दवाखान्याची खोली म्हणजे बहुधा पत्र्याची. या भांड्यात उष्णता दोन वाटांनी शिरते. एक, मानेतून आणि थरांतून झिरपत. दुसरी, बाहेरच्या तापलेल्या अंगातून किरणांनी. झिरपणारी उष्णता तापमानाच्या फरकाप्रमाणे वाढते. जानेवारीत खोली २० अंशांवर आणि मे महिन्यात ४५ वर धरली तर ती साधारण आठव्या भागाने वाढेल. किरणांचं गणित मात्र चौथ्या घाताचं असतं, तिथे हीच वाढ तिसऱ्या भागाहून जास्त होते. म्हणजे मे महिन्यात जानेवारीपेक्षा पाव भाग जास्त उडाला तर तो बिघाड नाही, खान्देश आहे. पण दुपारी उन्हात उभ्या मोटारसायकलवर कंटेनर तसाच ठेवणं किंवा भिंतीच्या तापणाऱ्या बाजूला चिकटवून ठेवणं, हे आपल्या हातातलं आहे. ओलं पोतं गुंडाळू नका. ओलीने अंगाला गंज चढतो आणि खरं दव आलं तर दिसत नाही. सावली आणि वारा पुरे.

चौथं, सवयी. दिवसात किती वेळा उघडता? कॅनिस्टर मानेच्या बाहेर काढून सावकाश स्ट्रॉ निवडता का? कॅनिस्टर मानेतल्या बर्फाच्या रेषेच्या वर यायला नको आणि पाच-सात सेकंदांत काम उरकलं नाही तर त्याला परत द्रवात बुडवून पुन्हा उचलायचा. कोणत्या कॅनिस्टरमध्ये कोणता वळू, हे झाकणावर खडूने लिहून ठेवलं की शोधाशोध वाचते. रस्त्यावरच्या हादऱ्यांनीही द्रव हिंदकळून जास्त उडतो. धडगावच्या घाटातला ३ लिटरचा आणि रावेरच्या डांबरी रस्त्यावरचा ३ लिटरचा, यांची बरोबरी होत नाही.

कॉर्क: स्वस्तातली, आणि सगळ्यांत जास्त सापडणारी चूक

मानेत बसतं ते फोमचं बूच. आपण त्याला कॉर्कच म्हणतो. वरून उतरणारी उष्णता ते अडवतं आणि खालून येणारा वायू कडेच्या फटीतून बाहेर सोडतं. दोन्ही कामं एकाच वेळी. फोम तुटला, झिजला, अर्धाच उरला की मान उघडी पडते. नवं कॉर्क मागवा, त्याच कंटेनरच्या मापाचं. थर्माकोल कोंबणं, फडकं गुंडाळणं यात ओल आत जाते आणि बर्फ होतो.

याहून वाईट म्हणजे घट्ट बसवणं. सातपुड्याच्या पायथ्याला एका पोराने कॉर्कला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं होतं. "हवा निघस ना भाऊ, म्हणीसन." मी कॉर्क धरून जरा फिरवलं आणि ते फट् करून सुटलं, आढ्याला लागून खाली पडलं. रबराचा तुकडा मला दोन दिवसांनी औषधाच्या कपाटामागे सापडला. हे भांडं दाब धरायला बनवलेलंच नाही. ७०० पट फुगणाऱ्या वायूला वाट हवीच. कॉर्क सैल बसतं ते मुद्दाम. नायट्रोजन स्क्रू-झाकणाच्या थर्मासमध्ये ओतून नेणारेही आहेत, त्यांना हेच सांगणं. तो थर्मास नाही, सुतळी बॉम्ब आहे.

काटा: खरा निकाल इथे

वरचं सगळं ठीक असेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवणं सोडा आणि वजन करा. केळीच्या किंवा कापसाच्या व्यापाऱ्याकडचा इलेक्ट्रॉनिक काटा दोन दिवस मागून आणा. ३५ लिटरला ५० ग्रॅमपर्यंतचा फरक दाखवणारा काटा चालतो, ३ लिटरला किराणा दुकानातला बारीक हवा.

कंटेनर भरा. एक दिवस तसाच ठेवा, बसू द्या. मग वजन घ्या, वेळ लिहा. पूर्ण २४ तास उघडू नका, हलवू नका. पुन्हा त्याच काट्यावर, त्याच जागी वजन. १ लिटर नायट्रोजनचं वजन सुमारे ८०८ ग्रॅम भरतं, म्हणून कमी झालेल्या किलोंना ०.८०८ ने भागा. समजा, आधी ४१.६० आणि नंतर ४१.३० किलो आलं. ३०० ग्रॅम गेले, म्हणजे दिवसाला ०.३७ लिटर. हा आकडा कंटेनरच्या पुस्तिकेत किंवा पाटीवर लिहिलेल्या रोजच्या उडण्याशी ताडून बघा. उन्हाळ्याची आणि वयाची सूट दिली तरी दीडपटीच्या आत असेल तर वापरत राहा. दुपटीवर गेला तर पुढचं वाचा. आणि हो, पुस्तिकेतला आकडा न उघडलेल्या, न हलवलेल्या कंटेनरचा असतो. रोजच्या वापरात त्याच्या निम्मे-पाऊणपटच दिवस निघतात, ते गृहीत धरा.

हे एवढं नाजूक का, ते समजलं की कंटेनर हाताळायची पद्धतच बदलते. १ वॉट उष्णता, म्हणजे देवघरातला बारका एलईडी, दिवसभर आत शिरत राहिली तर अर्ध्या लिटरहून थोडा जास्त नायट्रोजन उकळून जातो. चांगला कंटेनर आत येऊ देतो ती उष्णता वॉटच्या पाचव्या भागाइतकी, कधी त्याहून कमी. १८९२ मध्ये जेम्स ड्यूअरने दोन भिंतींमधली हवा काढून घेतलेलं काचेचं भांडं केलं, त्याचाच हा ॲल्युमिनियमचा नातू. फरक इतकाच की आता पोकळीत चकचकीत फॉइल आणि काचेच्या कागदाचे कितीतरी थर गुंडाळलेले असतात, किरणं परतवायला. शिवाय आत उरलासुरला वायू शोषून घेणारं द्रव्य असतं. आतलं भांडं बाहेरच्याला कुठेही टेकलेलं नाही. ते फक्त फायबरच्या मानेला लोंबकळतंय, कारण मान जितकी बारीक आणि धातूविरहित, तितकी उष्णता कमी उतरते. पंचवीस-तीस किलो द्रव त्या एका मानेवर लटकलेला असतो. म्हणून कंटेनर आडवा करायचा नाही, एका कानाला धरून ओढायचा नाही, गाडीतून उतरवताना आदळायचा नाही. बाहेर पोचा पडला नसला तरी मानेला तडा जाऊ शकतो.

पहाटेचा हात

काट्याने दुप्पट दाखवलं तर पहाटे, ऊन चढायच्या आधी, कंटेनरच्या अंगावरून हात फिरवा. खांद्यापासून तळापर्यंत. सगळीकडे खोलीइतकाच गार लागायला हवा. मानेच्या काठाला थोडा गारवा, भरल्यावर थोडा बर्फ, हे ठीक. पण खांद्याला, पोटाला किंवा तळाला एखादा गार पट्टा लागला, दव धरलं, तर पोकळीत हवा शिरली आहे. श्रावणात सगळ्याच वस्तू ओल्या असतात, तेव्हा शेजारी एखादा रिकामा कंटेनर ठेवून बघा. तो कोरडा आणि हा ओला, तर संशय पक्का. पोचे बघा. खोल पोचा आतले थर दाबतो आणि तेवढ्या जागी उष्णतेला पूल मिळतो. व्हॅक्यूमच्या तोटीवरची टोपी जागेवर आहे का, तेवढं फक्त बघा. हात लावायचा नाही. ती टोपी उचकटून "हवा भरली का" बघणाऱ्याने चांगला कंटेनर दोन सेकंदांत मारलेला मी पाहिला आहे.

बर्फ आणि धुणं

एक कारण उरतं, ते मेहनतीचं. वर्षानुवर्षं उघडझाप करताना ओल आत जाते, तळाला बर्फाचा चिखल होतो. तुटलेल्या स्ट्रॉ, लेबलचे तुकडे, कधी गवताची काडीसुद्धा. जागा अडते, पातळी फसवी दिसते आणि मानेतला बर्फ कॉर्क नीट बसू देत नाही. मान बर्फाने पूर्ण बुजली तर वायूची वाटही बंद होते. तो बर्फ स्क्रू-ड्रायव्हरने फोडू नका, फायबरची मान तडकते.

वर्षातून एकदा रिकामा करून धुवा. त्यासाठी दुसरा भरलेला कंटेनर शेजारी हवाच. कॅनिस्टर एकेक करून, झटपट, द्रवातून द्रवात हलवा. उरलेला नायट्रोजन उघड्यावर मोकळ्या मातीत हळूहळू ओता. फरशीवर नको, तडकते. गटारातही नको. मग कॉर्क काढून कंटेनर दोन दिवस सावलीत आपोआप तापू द्या. गरम पाणी, हेअर ड्रायर, ऊन, काही नको. नंतर कोमट पाणी आणि साधा सौम्य साबण, दोन-तीनदा विसळून, उलटा टेकवून पूर्ण कोरडा. पुन्हा भरताना पहिला लिटरभर सावकाश ओता, झाकण न लावता उकळू द्या, मग बाकीचा. यानंतर काटा पुन्हा करा. काही कंटेनर इथेच सुधारतात, आणि त्याचा मला दर वेळी नव्याने आनंद होतो.

इथे थांबा

खालीलपैकी एक जरी दिसलं तरी आपली हुशारी बाजूला ठेवा.

अंगावर बर्फ धरलाय आणि नायट्रोजन तासातासाला उतरतोय: स्ट्रॉ ताबडतोब दुसऱ्या कंटेनरमध्ये. मग हा कंटेनर उघड्यावर नेऊन ठेवा, कॉर्क काढा, माणसं-जनावरं लांब करा. आतलं भांडं फुटून द्रव पोकळीत शिरला असेल तर तापल्यावर तो तिथेच फुगतो. तोटीची टोपी अशा वेळी सुटण्यासाठीच असते, तिच्यासमोर उभं राहू नका.

मानेत तडा दिसला, मान हलते, आतलं भांडं खडखडतं: वापर बंद.

काट्याचा आकडा दुप्पट, धुऊनही तोच: व्हॅक्यूम संपलंय. ते पुन्हा ओढायचं म्हणजे भांडं तापवून तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस पंप लावायचा. हे कंपनीच्या अधिकृत दुरुस्ती केंद्राचंच काम. एमआयडीसीत फ्रिजचा पंप लावून "दोन हजारात व्हॅक्यूम करून देतो" म्हणणारे भेटतात. फ्रिजच्या पंपाने होणारी पोकळी या कामाला कुठेच पुरत नाही. तोटी मात्र कायमची उघडली जाते.

आणि दाबाचे सायलो किंवा स्वतः दाब तयार करणारी भांडी: त्यांचा सेफ्टी व्हॉल्व्ह अधूनमधून फुसफुसतो, ते त्याचं काम आहे. सतत वाहत असेल, बर्फाने गोठला असेल किंवा दाबाचा काटा लाल पट्ट्यात असेल तर आपण फक्त लांब जायचं आणि पुरवठादाराला फोन करायचा. त्या व्हॉल्व्हवर कापड बांधणं, तो घट्ट करणं, त्याच्या आधीची चावी बंद करणं, यातलं काहीही नाही.

दुरुस्तीला नाशिकला किंवा आणखी कुठे पाठवायचा झाला तर पूर्ण रिकामा, दोन दिवस तापलेला, कॉर्क वेगळं बांधून, उभाच पाठवा. सोबत एका कागदावर पाटीवरचा क्रमांक, घेतल्याचं वर्ष, दोन्ही वजनं आणि त्यांच्या वेळा लिहा. नुसतं "नायट्रोजन उडतो" लिहिलं तर तिकडचा माणूस आधी स्वतः दोन दिवस तपासत बसतो. वजनं लिहिलेली असली की तो थेट कामाला लागतो.